जुनी टू-स्ट्रोक घ्यायची तर आधी तिचा श्वास तपास

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या होंडा गावच्या एका तरुणाने मला विचारलंय. गाव होंडा आणि पोराला हवी यामाहा, तेव्हाच मला हसू आलं. त्याचा प्रश्न असा: "काका, सावंतवाडीकडे १९९९ ची आरएक्स १३५ बघितली. एमएच ०७ पासिंग. पुढचे फोर्क बदललेले, बटन टायर, सायलेन्सर वर उचललेला. ऑइल पंप काढलाय, पेट्रोलमध्येच ऑइल टाकायचं म्हणतो. ८५ हजार सांगतोय. म्हापशाला एक परदेशी १२५ मोटोक्रॉस पण आहे, कागद नाहीत, दीड लाखाला देतो म्हणतो. सड्यावर (जांभ्याच्या माळावर), मातीत फिरवायला हवी. कुठली घेऊ, काय बघून घेऊ, आणि घेतल्यावर सांभाळू कशी?"

म्हापशाच्या गाडीचं आधी उरकतो. ती घेऊ नकोस. गाडी वाईट म्हणून नव्हे. तसली गाडी शर्यतीसाठी बनवलेली असते, तिला नंबर मिळत नाही, म्हणजे घरापासून सड्यापर्यंत टेम्पोत घालून न्यायची. आयातीचे कस्टमचे कागद नसतील तर उद्या कोणी विचारलं तर उत्तर तुला द्यावं लागेल, विकणाऱ्याला नाही. आणि खरा खर्च आत आहे. तिच्या सिलिंडरला आतून निकेलचा कडक मुलामा असतो. आपल्या आरएक्सचा बिडाचा लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, खराब झाला तर लेथवाला बोअर करून, म्हणजे आतून थोडा कापून रुंद करून, देतो. मुलामा उखडला तर बोअर करून भागत नाही, नवा मुलामा चढवून आणावा लागतो. शिवाय तिथे पिस्टन किलोमीटरवर नाही, चाललेल्या तासांवर बदलतात. पहिली टू-स्ट्रोक म्हणून ती हत्ती पाळण्यासारखी आहे.

तेव्हा आरएक्स. मशीन चांगलं निवडलंस. १३२ सीसी, सिलिंडरचा व्यास (बोअर) ५८ मिलिमीटर, पिस्टनची धाव (स्ट्रोक) ५०. हवेवर थंड होणारं, आत व्हॉल्व्ह-कॅमशाफ्टची भानगड नाही, हलणारे भाग मोजके. मी फोंड्याला गॅरेज टाकलं तेव्हापासून आरएक्स १००, १३५, शोगन, समुराई, जे टू-स्ट्रोक गोव्याच्या रस्त्यांवर धूर सोडत होतं ते सगळं माझ्या हाताखालून गेलंय. तरुणपणी मीही शेतात दोऱ्या बांधून आखलेल्या ट्रॅकवर पडलो-झडलोय. इतक्या वर्षांत जी इंजिनं जॅम होऊन माझ्याकडे ढकलत आली, त्यांतली बहुतेक जुनी झाली म्हणून गेली नव्हती. नको ती हवा आत गेली म्हणून गेली होती.

हे नीट समजून घे, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. क्रँककेस म्हणजे पिस्टनच्या खालचा, क्रँक फिरतो तो डबा. फोर-स्ट्रोकमध्ये तो म्हणजे नुसती ऑइलची टाकी. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे लोहाराचा भाता. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवा-ऑइल आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर चढतं. आता भात्याला भोक पडलं तर काय होईल? कार्ब्युरेटरने मोजून दिलेल्या हवेशिवाय जास्तीची हवा भोकातून आत येणार. तिच्याबरोबर ना पेट्रोल, ना ऑइल. मिश्रण पातळ झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आग गरम झाली, वंगण कमी पडलं. गाडी आधी एकदम झकास पळते. लोक म्हणतात, "काय पिकअप आलाय!" आणि मग सरळ रस्त्यावर मागचं चाक एकाएकी लॉक होतं.

म्हणून जुनी टू-स्ट्रोक बघायला जाताना खिशात एक पांढरा सुती कपडा ठेव. जुनं धोतर फाडलंस तरी चालेल. गाडीपाशी गेलास की रंग बघू नकोस, स्टिकर बघू नकोस. कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टरची डबी यांच्यामधला रबरी बूट सोडव आणि कपडा बोटाला गुंडाळून कार्ब्युरेटरच्या तोंडात आणि बुटाच्या आतून फिरव. थोडा तेलकट, काळसर निघाला तर ठीक. तांबडा निघाला तर ती गाडी आपल्या मातीचा श्वास घेत आलीय. फिल्टरच्या पुढे धूळ पोचली म्हणजे ती पिस्टनपर्यंत गेलीच, आणि तिथून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये. ही जांभ्याची, खनिजाची धूळ म्हणजे दाढी करायच्या साबणासारखी मऊ लागते, पण काम कानशीचं करते. डिचोली-सांगे भागात खाणी जोरात होत्या तेव्हा मी महिन्याला दोन-दोन असे सिलिंडर बघायचो, रिंगा कागदासारख्या झिजलेल्या. मग खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, पण ती माती अजून तिथेच आहे, आणि तू तिथेच फिरायला जाणार आहेस.

कपडा तांबडा निघाला म्हणून व्यवहार मोडायलाच हवा असं नाही. पण मग गाडीची किंमत म्हणजे नुसती सांगाड्याची आणि कागदांची. इंजिन पूर्ण उघडायचंय असं धरून बोल.

आता तुझ्या प्रश्नातलं मला टोचलेलं वाक्य: "ऑइल पंप काढलाय." आरएक्सला मूळचा वेगळा ऑइल टँक आणि पंप असतो, ॲक्सिलरेटर पिळला की पंपही जास्त ऑइल सोडतो. मातीत फिरवणारे पंप काढून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतात, त्यात गैर काही नाही. पण पंपातून जी बारीक नळी इनटेकच्या बाजूला आत शिरते, तिचं भोक कशाने बंद केलंय?

हे का विचारतो ते सांगतो. माझ्याकडेही एक पंप काढलेली १३५ होती, अशीच तयार घेतलेली. पहिल्यांदा जॅम झाली ती फर्मागुडीच्या चढावर. मी पिस्टनला दोष दिला. डुप्लिकेट पिस्टन होता, तो फुगला असेल म्हणालो. बोअर केला, नवा पिस्टन टाकला. पंधरा दिवसांत पुन्हा. या वेळी म्हटलं जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक, छोटा आहे. मेन जेट मोठा टाकला, परत बोअर. तिसऱ्यांदा जॅम झाली तेव्हा मी स्वतःच्याच गॅरेजच्या पायरीवर बसून राहिलो. गिऱ्हाइकाला "तुमची गाडी आता दोन वर्षं बघायला नको" असं छातीठोक सांगणारा मी, आणि माझीच गाडी एका सीझनमध्ये तीनदा. मग कार्ब्युरेटर काढून टॉर्च मारून एकेक इंच बघितलं. त्या ऑइलच्या नळीच्या टोकावर आधीच्या कोणीतरी सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब चढवून वर गाठ मारली होती. इंजिनच्या उष्णतेने ती चिरली होती. चीर इतकी बारीक की नुसती बघून दिसत नव्हती, वाकवल्यावर तोंड उघडायची. तिथून हवा. दोन बोअरिंग, तीन पिस्टन, आणि कारण काय, तर आठाण्याची रबरी नळी.

त्यानंतर मी जॅम झालेलं एकही इंजिन हवेची चाचणी केल्याशिवाय परत जोडलेलं नाही.

ही चाचणी तूही घरी करू शकतोस. महागडं काही लागत नाही. डॉक्टरांकडचं घड्याळासारखी तबकडी असलेलं ब्लडप्रेशरचं यंत्र घे, जुनं चालेल, फक्त हवा धरणारं हवं. माझं वडिलांचं होतं. बायको अजून म्हणते, या घरात माणसांपेक्षा गाड्यांचं बीपी जास्त तपासलं गेलं. दंडाला गुंडाळायचा पट्टा काढून टाक. राहिला फुगा, तबकडी आणि नळी. आता सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडात घट्ट रबरी बूच बसव. कार्ब्युरेटर काढ, आणि मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर इंजिनला जोडणाऱ्या तुकड्याच्या) तोंडात मध्ये भोक पाडलेलं बूच बसवून त्यातून बीपीची नळी आत घाल, वरून क्लॅम्प आवळ. काही जण हवा प्लगच्या भोकातून भरतात. तसं करू नकोस. तिकडून भरली तर रीड व्हॉल्व्ह (हवा फक्त आत सोडणारी पातळ पात्यांची झडप) बंद होतो आणि मॅनिफोल्डचा जोड तपासायचा राहून जातो. कार्ब्युरेटरच्या बाजूने भरली की सगळंच तपासलं जातं. प्लग जागेवर घट्ट असू दे. मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं जड चाक) हाताने फिरवून पिस्टन अगदी खाली आण, म्हणजे सगळ्या वाटा एकमेकींना उघड्या होतात.

आता फुगा दाब. काटा २६० वर ने. तो म्हणजे हवेच्या दाबाच्या मापात साधारण पाच पीएसआय. त्याच्या वर नेऊ नकोस, उगाच क्रँकच्या दोन टोकांचे रबरी सील उलटायचे. आता घड्याळ लाव आणि बघ. शहाणी गाडी मिनिटभर काटा जवळपास तिथेच धरून ठेवते. मिनिटाला पन्नासाच्या आसपास घसरला तर काठावर पास, पण मी तेवढ्यावर गाडी सोडत नाही. त्याहून भराभर पडला तर भात्याला भोक आहे. मग शिकाकाईचं नाहीतर भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने लावत जा: मॅनिफोल्ड, हेड, सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग, दोन केसमधला जोड, प्लगचा वॉशर. मॅग्नेटचं कव्हर काढून मॅग्नेटच्या मागे. जिथे बुडबुडे, तिथे भोक. बाहेर कुठेच बुडबुडा नाही आणि तरी काटा पडतोय, तर गिअरबॉक्सच्या ब्रीदरला नळी जोडून तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडव. ग्लासात बुडबुडे आले की क्लचच्या बाजूचा क्रँक सील गेला. तुझ्या गाडीत त्या काढलेल्या पंपाची जागा आणि नळीचं भोक या दोन ठिकाणी साबण जास्त लाव.

या दोन सीलांचं वागणं वेगवेगळं, तेही लक्षात ठेव. क्लचकडचा सील गेला तर इंजिन गिअर ऑइल पितं. पांढरट धूर थांबत नाही, प्लग ओला, गिअर ऑइल महिन्याभरात कमी. असली गाडी निदान ओरडून सांगते. मॅग्नेटकडचा सील गेला तर बाहेरची कोरडी हवा आत, आणि ही गाडी मुकी असते. एकच खूण: ॲक्सिलरेटर सोडल्यावर रेस लगेच खाली येत नाही, वरच लटकून राहते, मग सावकाश उतरते. गाडी बघताना हे जरूर कर, गरम झाल्यावर दोन-तीनदा पिळून सोड आणि कान दे.

विकणारा एवढं सगळं करू देईल का? वीस मिनिटं लागतात. करू दिलं तर माणूस बरा. नाही म्हणाला तर कपड्यावर आणि कानावर भागव, आणि किमतीतून सील-बेअरिंगचा खर्च वजा कर.

बाकीच्या तपासण्या पटपट सांगतो, या बऱ्याच जणांना माहीत असतात. जाण्याआधी फोन करून सांग की गाडी चालू करून ठेवू नका, आणि पोचल्यावर आधी सिलिंडरला हात लावून थंड आहे का बघ. जुन्या गाड्या गरम असताना सगळ्याच सुरू होतात. किक हाताने दाबून बघ, ठोस विरोध लागला पाहिजे. सिलिंडरचा दाब मोजायचा गेज असेल तर तोही लाव, माझ्या गेजवर शंभर पीएसआयच्या खाली आलेलं इंजिन मी उघडायचं धरूनच चालतो. मॅग्नेट धरून वर-खाली हलव, खडखड लागली तर क्रँकचं मेन बेअरिंग गेलं. मग तोच दोन्हीकडे झटक्याने थोडासा फिरव. टक् असा आवाज आला तर कनेक्टिंग रॉड ढिला. रॉडला बाजूची थोडी हालचाल असतेच, ती चालते, वर-खाली अजिबात नको. गिअर ऑइल थोडं काढून बघ, दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी. पुढचं चाक उचलून हँडल मधोमध अडतो का बघ, अडला तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. मागचं चाक धरून बाजूला ओढ, स्विंगआर्मचे बुश कळतील.

चेसीवर मात्र थांब. आरएक्सची चेसी रस्त्याची आहे, उड्या मारायला बनवलेली नाही. हँडलच्या नळीखाली आणि स्विंगआर्मच्या बोल्टपाशी भेग पडते. तिथे ताजा रंग असेल तर नखाने खरवड. वेल्डिंग दिसलं तर का केलं ते विचार. आणि हँडलच्या नळीवरचा चेसी नंबर बोटाने चाचप. घासून परत पंच केलेल्या जागेचा पत्रा हाताला वेगळा लागतो.

कागद. एमएच ०७ म्हणजे सिंधुदुर्ग, दुसरं राज्य. म्हणून आधी तिकडच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. मग नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. १९९९ ची गाडी, म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षं २०१४ ला संपली. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण: २०१४, २०१९, २०२४. यातलं काही राहिलं असेल तर ते विकणाऱ्याकडूनच करून घे, "तुम्ही गोव्यात करून घ्या" याला हो म्हणू नकोस. आरसीवर कर्जाची नोंद आहे का बघ. पंचवीस वर्षांपूर्वीचं कर्ज फिटलेलं असतं, पण नोंद कोणी काढलेली नसते, आणि फॉर्म ३५ वर सही द्यायला ती पतपेढी आता शोधावी लागते. माझ्या एका गिऱ्हाइकाची अशी गाडी दीड वर्ष गोठ्यात उभी होती. इंजिन आणि चेसी नंबर परिवहनच्या वेबसाइटवर आणि पत्र्यावर, दोन्हीकडे जुळव.

आणि मूळ सामान माग: जुना सायलेन्सर, मडगार्ड, साइड पॅनल, ऑइल पंप, फोर्क. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करू देत नाही. पासिंगला गाडी नेताना मूळ सामान लागतं, आणि उद्या विकताना त्याच सामानाची किंमत गाडीपेक्षा जास्त येते. सामान दिलं नाही तर दहा हजार खाली मागच. पोकळ सायलेन्सर लावून गावातून जाऊ नकोस. पोलिसांचं सोड, उत्सवाच्या दिवसांत देवळापाशी म्हातारी माणसं जे बोलतील ते आयुष्यभर लक्षात राहील.

आता घेतलीस असं धरू. पहिला खर्च क्रँकचे दोन्ही सील, मॅनिफोल्ड, सगळी पॅकिंगं. नळीचं ते भोक पितळी स्क्रूने कायमचं बंद कर, रबराने नाही. रॉड ढिला असेल तर क्रँक प्रेसवर उघडून नवा पिन-रॉड घालून डायल गेजवर सरळ करून आणायचा. हातोडीने सरळ करणाऱ्याकडे देऊ नकोस, असे अजून आहेत. बोअर करताना पिस्टन आधी विकत घेऊन लेथवाल्याच्या हातात दे, तो त्या पिस्टनला मोजून बोअर करेल. मी हवेवर थंड होणाऱ्या या इंजिनांना पिस्टन आणि सिलिंडरमध्ये दोन थाउच्या (इंचाच्या दोन हजारांशाच्या) आसपास फट ठेवतो. बोअर झाल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या त्या वाटांच्या तोंडांच्या, कडा बारीक कानशीने मोडून घे, धारदार राहिल्या तर रिंग अडकून तुटते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगांची तोंडं पिस्टनवरच्या बारीक खिळ्यांवर बसली का ते सिलिंडर उतरवताना दोनदा बघ. पिनच्या क्लिपा नव्याच, जुन्या कधीच नाही. अशी एक क्लिप वाचवून मी एक सिलिंडर घालवलाय.

ऑइल. पंप नाही, म्हणजे मिश्रण तुझ्या हातात. लिटरला २५ मिलिलिटर म्हणजे चाळीसास एक. नव्या बोअरवर पहिल्या दोन टाक्या लिटरला ३० ते ३३. डब्यावर जासो एफडी लिहिलेलं चांगलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, घे. आणि अंदाजाने ओतू नकोस, औषधाची मापाची बाटली ठेव. "जास्त ऑइल म्हणजे इंजिन जास्त सुरक्षित" हा समज काढून टाक. जेटमधून जेवढं द्रव जातं तेवढंच जातं. त्यात ऑइल वाढलं तर पेट्रोल घटलं, म्हणजे मिश्रण उलट पातळ.

आता आजच्या पेट्रोलचं. इथे खूप जणांचं नुकसान होतंय आणि दोष मेकॅनिकला जातो. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत ओल सोडून दुसरं काय असतं? पाणी पुरेसं साठलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. ऑइल मात्र वर पेट्रोलबरोबर राहतं. पेट्रोलचा कॉक कुठून ओढतो? तळातून. म्हणजे महिनाभर उभी राहिलेली गाडी सुरू केलीस की इंजिनात जातं ते बिनऑइलचं पाणचट. म्हणून मिसळलेलं पेट्रोल दोन-तीन आठवड्यांच्या वर ठेवू नकोस. गाडी उभी करताना कॉक बंद कर आणि कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून वाटी रिकामी कर. काचेच्या बाटलीत थोडं काढून उजेडात धर, दोन थर दिसले तर सगळी टाकी ओतून टाक. जुन्या पेट्रोल नळ्या आणि फ्लोटच्या सुईचं रबरी टोक या पेट्रोलला फुगतात, ते आधीच बदलून घे. इथेनॉलला स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण थोडं पातळच होतं. मी हल्ली जुन्या कार्ब्युरेटरना मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघतो आणि प्लग चॉकलेटी येईपर्यंत जुळवतो.

एक गंमत बेळगावची. तिथे ट्यून केलेल्या गाड्या आपल्याकडे येतात आणि आठवड्यात गरम होऊ लागतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, तिथली हवा विरळ. तिथे बरोबर बसवलेला जेट खाली आपल्या दाट हवेत छोटा पडतो. उलट, तू चोर्ला घाट चढलास की गाडी जरा गुदमरेल, ते ठीक, गुदमरून इंजिन मरत नाही. उतरताना मात्र जप. लांब उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून इंजिनच्या जोरावर गाडी उतरवलीस तर चाकं इंजिन फिरवतायत पण ऑइल जात नाही, कारण ते पेट्रोलबरोबरच येतं. दर थोड्या वेळाने क्लच दाबून एक पीळ मार.

एअर फिल्टर फोमचा लाव, आणि दर फेरीनंतर धू. रॉकेलमध्ये नाहीतर डिझेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात, पिळायचा नाही, दाबायचा. पिळला की जोडाचा डिंक सुटतो. पेट्रोलमध्ये धुऊ नकोस, त्याच कारणाने. सावलीत पूर्ण वाळला की फिल्टरचं ऑइल, नसेल तर जाड गिअर ऑइल, हाताने सगळीकडे मुरवून जास्तीचं दाबून काढ. जिथे फिल्टर डबीला टेकतो त्या कडेला ग्रीसचं बोट फिरव. दोन फिल्टर ठेव, एक गाडीत, एक धुतलेला पिशवीत. कोरड्या फोमने आपली माती अडत नाही, हे मी शपथेवर सांगेन.

पावसात ओढा ओलांडताना इंजिनने पाणी ओढलं आणि बंद पडली तर किक मारू नकोस. प्लग काढ, गाडी उलटी कर, दोघे मिळून चाकं आकाशाकडे. मग किकने पाणी बाहेर फेक, कार्ब्युरेटरची वाटी धू, फिल्टर बघ, प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी घाल, मग सुरू कर. घरी आल्यावर गिअर ऑइल बदल. पावसाळ्यात मॅग्नेटच्या कव्हरमध्ये पाणी साठतं, ते महिन्यातून एकदा उघडून पुसून घे.

किनाऱ्यावर नेऊ नकोस. पुळणीवर गाडी चालवायला बंदी आहेच, पण नसती तरी मी तेच म्हटलं असतं. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडालेल्या गाडीचे स्पोक गोड्या पाण्याने धुतले तरी पुढच्या चवथीपर्यंत टिकत नाहीत. म्हादई, नेत्रावळीच्या अभयारण्यात शिरू नकोस, वनखात्याने गाडी उचलली तर सोडवताना घाम फुटेल. बंद खाणींच्या कडा पावसाने खचलेल्या असतात, आणि खाली पाण्याने भरलेले खड्डे किती खोल हे कोणालाच कळत नाही. सडा असेल तिथे जमीन कोणाची ते विचार, कोमुनिदादची (गावाच्या सामाईक मालकीची) असली तरी गावात एकदा बोलून ठेव. एकटा जाऊ नकोस.

राहिली किंमत. पंप नाही, फोर्क बदललेले, मूळ सामान आहे की नाही माहीत नाही. मी असतो तर कागद पूर्ण नूतनीकरण झालेले आणि मूळ सामान सोबत असेल तर साठ-पासष्टपर्यंत गेलो असतो, आणि वर सील-बोअर-क्रँकसाठी पंधरा-वीस हजार बाजूला काढून ठेवले असते. ८५ ला नाही. रविवारी जातोस तर शनिवारी फोंड्याला उतर, माझं बीपी यंत्र आणि दोन बुचं घेऊन जा. तबकडीची काच तडकलीय, काटा बरोबर दाखवतो. संध्याकाळपर्यंत परत आणून दे, सोमवारी एक शोगन बघायचीय.